घूं करतो, पण फिरत नाही

कपड्यांचा ड्रायर मे महिन्यात बंद पडला, अशी तक्रार सहसा ऐकू येत नाही. मे महिन्यात तो बंद पडला तरी कळत नाही, हे त्याचं खरं कारण. गॅलरीच्या दोरीवर टाकलेला टॉवेल तासाभरात पापडासारखा कडक होत असताना दोन टबांच्या मशीनमधल्या त्या छोट्या टबाची आठवण कुणाला येणार? त्याच्या झाकणावर साबणाचा डबा, चिमट्यांची परडी आणि कालचं वर्तमानपत्र सुखाने नांदत असतं. मग जुलै येतो. मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या एका महिन्यात सरासरी ८०० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला जातो. घरातल्या खुर्च्यांच्या पाठी, दारांच्या कड्या, खिडकीचे गज आणि पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला पलंग या सगळ्यांवर ओले कपडे चढतात. पंखा पाचवर असतो. आणि नेमक्या त्या सकाळी, शाळेचा उरलेला एकुलता एक गणवेश आत असताना, ड्रायरची कळ फिरवली की काहीच होत नाही.

यानंतर घरोघरी जे घडतं त्याचा क्रम ठरलेला आहे. ज्याने कळ फिरवली त्याच्यावर कुणाचाच विश्वास नसतो, त्यामुळे घरातला प्रत्येक जण येऊन ती स्वतः फिरवून बघतो. नंतर मशीनला एक थाप बसते. थाप देण्याची जागाही परंपरेने ठरलेली आहे: जुन्या टीव्हीला वरून, मशीनला बाजूने. मग चौकशी सुरू होते. "काल शेवटी कुणी लावलं होतं?" या प्रश्नाला आजवर कुठल्याही घरात सरळ उत्तर मिळालेलं नाही. चौकशी रंगात आली की बाहेरच्या खोलीतून आजोबांचा आवाज येतो, "लाइट आहेत का बघा आधी!" डोक्यावर पंखा गरगरत असताना विचारलेल्या या प्रश्नावर नातवंडं तोंड दाबून हसतात.

आजोबांचं मात्र बरोबर असतं. पंख्याची लाइन वेगळी आणि गॅलरीतल्या किंवा बाथरूमबाहेरच्या प्लगची वेगळी असू शकते. नव्या इमारतींमध्ये गळतीचा करंट ओळखून वीज तोडणारं उपकरण बसवलेलं असतं. ३० मिलिअँपिअर इतकीशी गळती झाली तरी ते खटकन पडतं. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीतला प्लग तेवढी गळती सहज करतो. त्यात एक्स्टेंशनचा बोर्ड असेल तर बोलायलाच नको. सकाळी कुणीतरी इस्त्रीसाठी मशीनचा प्लग काढलेला असतो आणि परत लावायचं काम 'दुसरा कुणीतरी करेल' या खात्यावर टाकलेलं असतं. म्हणून पहिली तपासणी अगदी साधी: त्याच प्लगमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघायचा. चार्जरही गप्प बसला तर ड्रायर निर्दोष आहे आणि बाजूने खाल्लेली थाप त्याला नाहक पडली आहे.

धुणं आणि पिळणं वेगवेगळ्या टबांत करायला लावणारी ही सेमी ऑटोमॅटिक मशीन फुली ऑटोमॅटिकच्या जमान्यात टिकली कशी, याचं आश्चर्य फक्त चोवीस तास पाणी असलेल्यांना वाटतं. जिथे नळ सकाळी दीड तास येतो किंवा एक दिवसाआड येतो, तिथे बादलीने पाणी ओतून चालणाऱ्या मशीनला पर्याय नाही. मध्येच आणखी एक मोजा टाकायचा राहिला तर झाकण उघडून तो टाकता येतो, साबणाचं पाणी दुसऱ्या घाण्यासाठी जपून ठेवता येतं. आणि बाजूचा तो अरुंद, खोल टब पाच मिनिटांत कपडे इतके पिळून देतो की दोन बायकांनी दोन टोकं धरून चादर पिळायची कला पुढच्या पिढीला दाखवायलाही उरलेली नाही.

पिळून देतो, वाळवून नाही, हे इथे स्पष्ट केलेलं बरं. पाव मीटरभर रुंदीचं त्याचं आतलं जाळीदार पिंप मिनिटाला १,३०० च्या आसपास फेरे मारतं. त्या वेगात कडेला चिकटलेल्या कपड्यावरचं पाणी गुरुत्वाकर्षणाच्या दोनशेपटीहून अधिक जोराने बाहेर फेकलं जातं. या कामाला वीज लागते ती नगण्य: दीडशे वॅटची मोटर पाच मिनिटं चालली तर एका युनिटमध्ये पिळण्याच्या अशा ऐंशी खेपा निघतात. तेच पाणी तापवून वाफ करून उडवायचं म्हटलं तर एका लिटरला दोन तृतीयांश युनिटच्या आसपास वीज खर्च होते. म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने ड्रायर हा घरातला सर्वांत काटकसरी सदस्य आहे. तो बंद पडल्यावर आजी हताशपणे इस्त्री गरम करून ओल्या गणवेशावर फिरवायला घेते, तेव्हा मीटर किती वेगाने पळतो ते या हिशेबावरून समजावं.

प्लगात वीज आहे हे ठरल्यावर मेकॅनिकला फोन जातो. जुलैत त्याचा फोन पहिल्या झटक्यात लागत नाही आणि लागला तर तो कुणाच्या तरी मशीनखाली आडवा झालेला असतो. तरीही अनुभवी मेकॅनिक फोनवरच अर्धं निदान करतो, ते एका प्रश्नाच्या जोरावर.

"काकू, आवाज येतोय का?"

"येतोय ना! घूं करतो, पण फिरत नाही."

"मग झाकण उघडून ठेवा आणि प्लग काढा. येतो मी."

या तीन वाक्यांत संपूर्ण शास्त्र आहे. अजिबात आवाज नसेल तर वीज मोटरपर्यंत पोचतच नाही. दोष प्लगात, वायरीत, टायमरमध्ये किंवा झाकणाच्या स्विचमध्ये. घूं आवाज येत असेल तर वीज पोचली आहे, मोटरची इच्छाही आहे, पण कुणीतरी तिला धरून ठेवलं आहे किंवा तिला पहिला धक्का मिळत नाही. 'प्लग काढा' हे तो उगाच सांगत नाही. जागच्या जागी अडकून घुमणारी मोटर फिरणाऱ्या मोटरपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते आणि तापते. 'होईल आत्ता सुरू' या आशेवर कळ पाच मिनिटांवर ठेवून स्वयंपाकघरात निघून गेलं की शंभर रुपयांच्या दुखण्याचं मोटर भरण्याच्या खर्चात रूपांतर होतं.

आता झाकण. ड्रायरच्या न फिरण्यामागे बऱ्याचदा तेच असतं, आणि त्याच्याबद्दल घरात सर्वांत कमी माहिती असते. ते बंद केलं की दोन गोष्टी एकदम होतात. मागच्या बाजूचा प्लॅस्टिकचा दात आतला स्विच दाबतो, त्यामुळे मोटरला वीज मिळते. आणि तोच दात ब्रेकची तार ओढतो, त्यामुळे मोटरच्या डोक्यावरच्या चकतीला धरून बसलेला ब्रेक सुटतो. झाकण उघडलं की उलटं: वीज तुटते, तार सैल पडते, ब्रेक लागतो आणि पिंप काही क्षणांत थांबतं. इतकी विचारपूर्वक केलेली योजना चालते ती त्या बोटाच्या पेराएवढ्या दातावर. आणि त्याच झाकणावर आपण वर्षभर पाच किलोचा साबणाचा डबा ठेवलेला असतो. दात झिजतो किंवा मोडतो. स्विच दाबला गेला नाही तर यंत्र मुकं होतं. स्विच दाबला गेला पण तार सैल पडलेली किंवा तुटलेली असेल तर ब्रेक लागलेलाच राहतो आणि काकूंचं ते ऐतिहासिक वाक्य जन्माला येतं.

घूं आवाजाचं दुसरं कारण म्हणजे कपॅसिटर. बाजारात त्याला कंडेन्सर म्हणतात आणि तो मागणारा गिऱ्हाईक 'पाचचा द्या' एवढंच बोलतो. घरातली वीज सिंगल फेजची. एवढ्या विजेवर ही मोटर आपण होऊन फिरायला लागत नाही; तिला फिरण्याची दिशा आणि पहिला जोर द्यायला दुसऱ्या गुंडाळीतून थोडा मागे-पुढे केलेला करंट सोडावा लागतो. ते काम चार-पाच मायक्रोफॅरडचा हा डबीएवढा तुकडा करतो. तो म्हातारा झाला की मोटर घुमत राहते. दोनशे रुपयांच्या आत येणारी ही वस्तू आहे, पण तिच्यात एक खोड आहे: प्लग काढल्यावरही ती काही वेळ वीज धरून ठेवू शकते. इंटरनेटवर व्हिडिओ पाहून स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतलेल्या जावयांना ही खोड बहुधा प्रत्यक्ष अनुभवातून समजते. ज्याला कपॅसिटर रिकामा करायची पद्धत माहीत नाही, त्याने मशीनचं मागचं झाकण बंदच ठेवलेलं बरं. जावईपणाचा मान त्याने कमी होत नाही.

तिसरं कारण सर्वांत मनोरंजक. फिरणारं पिंप आणि बाहेरचा टब यांच्यामध्ये बोटभर फट असते. हातरुमाल, बाळाचं झबलं, नायलॉनचा मोजा असे हलके कपडे वेग धरताच वर चढतात, कडेवरून उडी मारतात आणि त्या फटीतून खाली जाऊन दांड्याभोवती गुंडाळी करतात. पिंप जागच्या जागी जखडतं. हे होऊ नये म्हणून कंपनी मशीनबरोबर एक गोल, जाळीदार प्लॅस्टिकची चकती देते. ती कपड्यांवर दाबून बसवायची आणि मग झाकण लावायचं. ती चकती महाराष्ट्रातल्या बहुसंख्य घरांत पहिल्याच महिन्यात मशीनपासून विभक्त होते. पुढे ती तुळशीच्या कुंडीखाली, कोथिंबीर निथळायला किंवा लहान मुलांच्या खेळात स्टिअरिंग व्हील म्हणून आढळते. मेकॅनिक पिंप उचलून बाहेर काढतो तेव्हा खाली जो खजिना निघतो, त्यावर घरच्यांची गर्दी जमते: पाच रुपयांची नाणी, साडीपिना, केसांचे आकडे, शर्टाची बटणं, गेल्या वर्षीच्या गणपतीच्या वर्गणीच्या पावतीचा लगदा आणि जोडीदाराच्या शोधात कपाटात एकटा पडलेल्या मोज्याचा जोडीदार. ड्रायर दुरुस्त झाल्याच्या आनंदापेक्षा तो मोजा सापडल्याचा आनंद मोठा असतो.

काही वेळा दोष यंत्रात नसतो, पाइपात असतो. सेमी ऑटोमॅटिकमधून पाणी बाहेर पडतं ते उतारावर. पाण्याचा तो करडा पाइप कुणीतरी मोरीच्या कठड्यावर उंच अडकवून ठेवला, किंवा त्यात केस आणि सुतळ्या अडकल्या, की पाणी मागे फिरून ड्रायरच्या टबात जमा होतं आणि पिंप पाण्यात पोहत फिरू पाहतं. मोटर कण्हते, वेग येत नाही. पाइप जमिनीला टेकवला की ड्रायर बरा होतो. यासाठी मेकॅनिकला बोलावलं तर तो पाइप खाली सोडतो, दोन मिनिटं गंभीर चेहरा करून मशीनकडे बघतो आणि व्हिजिट चार्ज घेतो. त्याचंही बरोबर आहे. पाइप खाली सोडण्याचे तो पैसे घेत नाही, पाइपच खाली सोडायचा आहे हे कळण्याचे घेतो.

उंदराचा मात्र वेगळा विचार करायला हवा. मशीनचा तळ उघडा, आत ऊब, अंधार आणि चावायला रंगीत वायरी. पावसाळ्यात बिळात पाणी शिरलेल्या उंदराला यापेक्षा सोयीचा ब्लॉक शहरात मिळणार नाही. कंपन्यांनीही हे मनावर घेतलं असून तळाला उंदीर रोखणारी जाळी असल्याची जाहिरात भारतात केली जाते. जुन्या मशीनवाल्यांनी तळाला लोखंडी जाळी बसवून घ्यावी. ड्रायर कालपर्यंत ठणठणीत होता आणि आज एकदम मुका झाला, शिवाय मशीनमागे काळे दाणे दिसतात, तर टायमरला दोष देण्यात अर्थ नाही.

पोरं परदेशात असलेल्या आईवडिलांना ड्रायरची दुसरी जात भेटते. सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला गेलेल्या वडिलांना पहिल्याच आठवड्यात दोन धक्के बसतात. बाहेर लख्ख ऊन असूनही कुणाच्याही अंगणात दोरी नाही, हा पहिला. घरमालकांच्या संघटना दोरीवर कपडे वाळत घालायला बंदी करतात, आणि ती बंदी मोडायला फ्लोरिडा, कोलोरॅडो, व्हरमाँट, मेन अशा राज्यांना कायदे करावे लागले, हा दुसरा. कपडे उन्हात वाळवण्याचा हक्क कायद्याने मिळवावा लागतो, हे ऐकून वडील त्या देशाच्या प्रगतीबद्दलचं आपलं मत तात्पुरतं राखून ठेवतात.

तिथला ड्रायर खरोखर वाळवतो. मोठं आडवं पिंप सावकाश फिरतं, त्यातून गरम हवा जाते आणि दमट हवा पाइपातून घराबाहेर सोडली जाते. नॉर्थ डकोटातल्या जे. रॉस मूर नावाच्या माणसाने थंडीत कपडे बाहेर वाळत घालण्याला कंटाळून असं यंत्र करायला घेतलं, असं सांगतात. विस्कॉन्सिनच्या हॅमिल्टन कंपनीने ते १९३८ च्या सुमारास बाजारात आणलं आणि त्याचं नाव ठेवलं 'जून डे'. तिकडे जूनचा दिवस म्हणजे कोवळं ऊन आणि कोरडी हवा. रत्नागिरीत या नावाचा ड्रायर एकही खपला नसता.

पण 'सुरू होत नाही' हे दुखणं तिथेही तेच आणि त्यामागचा स्वभावही तोच. दार नीट लागलं नाही तर स्विच वीज देत नाही. पट्टा तुटला की काही यंत्रांत पट्ट्याचा स्विच मोटर अडवतो. पॅनलवर नातवाने खेळता खेळता लहान मुलांसाठीचं लॉक लावलेलं असतं, ते ठरावीक बटण काही सेकंद दाबून धरल्यावरच निघतं. विजेची गंमत आणखी वेगळी. विजेवरच्या ड्रायरला २४० व्होल्ट लागतात आणि ते १२० व्होल्टच्या दोन तारांतून येतात. मोटर एका बाजूवर चालते, तापवणारी कॉइल दोन्ही बाजूंवर. दोनांपैकी एक बाजू गेली तर कुठली गेली त्यावर ठरतं: एक तर पिंप फिरतं पण कपडे थंडच, नाही तर सगळंच ठप्प. अशा वेळी सर्किट ब्रेकरची जोडी पूर्ण बंद करून पुन्हा चालू करणं हा पहिला उपाय. आजोबांचा 'लाइट आहेत का बघा' हा प्रश्न अटलांटिक ओलांडून तिथे असा उपयोगी पडतो.

एवढं करूनही तो हलला नाही तर संशय थर्मल फ्यूजवर जातो. बोटाएवढा हा तुकडा ९० अंश सेल्सिअसच्या आसपास जळतो आणि जळला की जळला. पुन्हा जोडला जात नाही. बऱ्याच मॉडेलमध्ये तो जळाला की बटण दाबूनही काही होत नाही. रोज मोठाली सॉफ्टवेअर दुरुस्त करणारा मुलगा शनिवारी मल्टिमीटर घेऊन जमिनीवर बसतो, आणि फ्यूजच्या दोन टोकांना कांड्या टेकवल्यावर मीटर 'बीप' करत नाही हे पाहून विजयाने ओरडतो. नवा फ्यूज येतो, बसतो, ड्रायर धडधडतो. आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बंद. कारण फ्यूज जळणं हा रोग नव्हता, लक्षण होतं. कपड्यांचं तूस गाळणीत आणि बाहेर जाणाऱ्या पाइपात साचलं, हवा कोंडली, म्हणून उष्णता वाढली. ते तूस झटकन पेट घेतं. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांचा हिशेब मांडला तेव्हा घरगुती ड्रायरमुळे लागणाऱ्या आगी वर्षाला सरासरी २,९०० भरल्या, आणि त्यामागचं सर्वांत मोठं कारण साफसफाई न करणं हेच निघालं. फ्यूजने घर वाचवलेलं असतं आणि शिव्या त्यालाच बसतात.

इकडचा ड्रायर असो की तिकडचा, सुरू न होणारं यंत्र बऱ्याचदा बिघडलेलं नसतंच; कुणाचा तरी हात, घर किंवा स्वतःची मोटर वाचवण्यासाठी ते अडून बसलेलं असतं. आपल्याला मात्र नकाराचं कारण ऐकण्यापेक्षा तो मोडून काढण्यात रस. मेकॅनिकही माणूसच. जुलैत दिवसाला दहा घरं करायची, झाकणाचा तो दात बाजारात मिळत नाही, काकू गणवेशासाठी डोक्यावर उभ्या. मग तो सर्वांत लोकप्रिय तोडगा सुचवतो: "स्विच डायरेक्ट करून देतो." म्हणजे स्विचच्या दोन वायरी एकमेकींना पिळायच्या, ब्रेकची तार ओढून बांधून टाकायची; झाकण उघडं असो की बंद, ड्रायर चालणार. सगळे खूश होतात. आणि त्या दिवसापासून मिनिटाला १,३०० फेरे मारणारं एक उघडं पिंप, ओढणी, पदर आणि कुतूहलाने वाकून बघणारी लहान मुलं एकाच गॅलरीत राहू लागतात. ओल्या साडीचं टोक फिरत्या पिंपात अडकलं तर ते धरलेल्या हाताचं काय होतं, हे कुठल्याही मेकॅनिकला विचारा. तो स्वतःच्या घरचा ड्रायर डायरेक्ट करत नाही.

तेव्हा पुढच्या पावसात ड्रायर अडला की थाप मारू नका. आधी प्लग बघा, मग पाण्याचा पाइप जमिनीवर आहे का बघा. प्लग काढून फटीत कपडा अडकला आहे का पाहा. झाकणावरचा साबणाचा डबा आजच खाली उतरवा आणि कुंडीखालची ती जाळीदार चकती धुऊन परत जागेवर ठेवा. एवढं करून मेकॅनिक आला आणि 'डायरेक्ट करून देतो' म्हणाला, तर त्याला चहा द्या आणि नवा स्विच आणायला पाठवा. गणवेश एक दिवस दमट गेला तरी चालेल.